ओंडका, खाच आणि जित्राब

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाड नोंदवही असते. बाके, खुर्च्या, लोखंडी कपाट, घंटा, फळे, हार्मोनियम अशी शाळेची सगळी चीजवस्तू तीत अनुक्रमांकासह लिहिलेली असते. सरकारी मराठीत तिचे नाव 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. शिक्षकांच्या तोंडी मात्र एकच शब्द, 'डेडस्टॉक'. मुख्याध्यापकांची बदली झाली की डेडस्टॉकचा चार्ज द्यायचा, तपासणी आली की डेडस्टॉक रजिस्टर काढून ठेवायचे. बाक मोडले तरी निर्लेखनाचा आदेश येईपर्यंत ते फेकून देता येत नाही.

पण बाक मुळात जिवंत कधी होते, म्हणून त्याला 'डेड' म्हणायचे? याचे उत्तर शाळेत सापडत नाही, ते इंग्लंडमधल्या शेतावर सापडते. तिथे नांगर, कुळव, गाडी, जू ही झाली डेड स्टॉक. त्याच वाड्यातले बैल, गाई, मेंढ्या, डुकरे, घोडे ही लाइव्ह स्टॉक. शेत लिलावात निघाले की जाहिरातीत दोन्ही शब्द जोडीनेच छापले जात. त्या जोडीतला एक भाऊ आपल्याकडे शाळेच्या कपाटात आला, दुसरा पशुसंवर्धन खात्यात. खात्याने त्याचे मराठी 'पशुधन' केले आणि 'लाइव्हस्टॉक डेव्हलपमेंट ऑफिसर'चा पशुधन विकास अधिकारी झाला.

'लाइव्हस्टॉक' हा शब्द कुरणात जन्मलेला नाही, तो हिशेबाच्या वहीत जन्मला. गुराख्याने किंवा धनगराने आपल्या जनावरांसाठी तो घडवला नाही. ज्यांना जनावरे मोजून ताब्यात घ्यायची किंवा द्यायची होती, त्यांनी तो घडवला. त्याची गोष्ट सुरू होते एका ओंडक्यापासून.

जुन्या इंग्रजीत 'स्टॉक' म्हणजे झाडाचे खोड, बुंधा, ओंडका. जर्मनमध्ये याच शब्दाचा अर्थ आजही काठी आहे. अपराध्याचे पाय दोन फळ्यांच्या भोकांत अडकवून त्याला चौकात बसवत, त्या फळ्यांनाही 'स्टॉक्स' म्हणत. मराठीत आपण त्याला खोडा म्हणतो आणि तो शब्दही खोडावरूनच आला आहे. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या. लंडनमध्ये १२८२च्या सुमारास अशाच एका खोड्याच्या जागी मांस-मासळीचा बाजार उभा राहिला आणि त्याचे नाव 'स्टॉक्स मार्केट' पडले. पुढे साडेचारशे वर्षे लंडनकर त्या नावाच्या बाजारात खरेदी करत होते. १७३०च्या दशकात तो बाजार हलवला आणि तिथे लंडनच्या महापौरांचे निवासस्थान बांधले.

लाकडाचा हिशेबाशी संबंध आला तो राजाच्या खजिन्यात. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये प्रत्येक परगण्याचा शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमसला, वसुली घेऊन खजिन्यात हजर होई. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर चौकटीचौकटींचे कापड अंथरलेले असे. त्या चौकटींत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी चाले. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या कापडावरून खजिन्याचे नाव 'एक्स्चेकर' पडले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७च्या पुढेमागे या कारभारावर लॅटिनमध्ये एक संवाद लिहिला. शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो, अशी त्याची रचना आहे. पावती कशी करावी हे त्यात इतके बारकाईने सांगितले आहे की आजही कोणी सुतार ती वाचून करून दाखवील.

ही पावती कागदाची नव्हती, लाकडी पट्टीची होती. तिची लांबी ताणलेल्या तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे आपल्याकडची टिचभर. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी. शिलिंगाची त्याहून बारीक. पेनीसाठी नुसती एक चीर, लाकूड काढायचे नाही. मग पट्टी उभी चिरायची म्हणजे खाचा दोन्ही भागांवर अर्ध्या-अर्ध्या उतरतात. एक भाग लांब ठेवायचा, त्याला मूठ राहते. दुसरा आखूड. लांब भाग पैसे देणाऱ्याकडे जाई आणि आखूड खजिन्यात राही. उद्या वाद झाला तर दोन्ही भाग एकमेकांना लावायचे. खाचेला खाच आणि रेषेला रेषा जुळली तर व्यवहार खरा. लाकडाची नस खोटी करता येत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही बोट फिरवून आपली रक्कम तपासता येई, आणि मला या पद्धतीतली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

या पट्टीला 'टॅली' म्हणत आणि तिच्या लांब भागाला 'स्टॉक'. ज्याच्या हातात स्टॉक, त्याचे पैसे खजिन्यात जमा झालेले किंवा खजिन्याकडून येणे असलेले. पुढे राजांना लढायांसाठी उसने पैसे लागू लागले, तेव्हा ते येणाऱ्या कराच्या भरवशावर टॅली देऊ लागले. ती हातोहात फिरू लागली, कमी भावाने विकली जाऊ लागली. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली. तीन वर्षांनी तिने भांडवल वाढवले तेव्हा चार पंचमांश रक्कम टॅलीच्या रूपात आणि उरलेली बँकेच्या नोटांत स्वीकारली. लाकडी पट्ट्या देऊन लोकांनी बँकेचा 'स्टॉक' घेतला. लंडनच्या दलालांनी १७७३ मध्ये आपल्या जागेच्या दारावर 'स्टॉक एक्स्चेंज' ही पाटी लावली. मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये संघटना केली, तिच्याही नावात हाच शब्द होता, 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन'. आज त्या शेअर बाजाराच्या इमारतीपुढे सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला ब्राँझचा बैल उभा आहे. ओंडक्याच्या शब्दापाशी बैल पुन्हा येऊन उभा राहिला, असे मला तो पाहताना वाटते.

भांडवल या अर्थाचा 'स्टॉक' थेट टॅलीवरूनच आला, असे मानणारे अभ्यासक आहेत. तो खोडाच्या उपमेतून आला, खोड म्हणजे मूळ रक्कम आणि तिच्यावर फुटणाऱ्या फांद्या म्हणजे नफा, असे म्हणणारेही आहेत. मला दुसरे मत अधिक पटते, कारण मराठीने तेच केले आहे. आपण मुदलाला मूळधन म्हणतो. झाड तोडायचे नाही, फळ खायचे, ही शेतकऱ्याची समज दोन्हीकडे आहे. इंग्लंडमध्ये टॅलीच्या लाकडाने त्या समजुतीला आधार दिला असेल, पण ती मुळात शेतातलीच आहे.

शेतावर हा शब्द जनावरांना कसा चिकटला, हे पाहायचे तर तेराव्या-चौदाव्या शतकातल्या जहागिरींचे हिशेब वाचावे लागतात. कातड्याच्या लांब गुंडाळ्यांवर ते लॅटिनमध्ये लिहिलेले आहेत. एका मायकलमसपासून पुढच्या मायकलमसपर्यंतचे वर्ष. पुढच्या बाजूला पैसा म्हणजे खंड, विक्री आणि मजुरी. गुंडाळी उलटली की मागच्या बाजूला धान्य आणि जनावरे. प्रत्येक जातीचा वेगळा परिच्छेद. गेल्या वर्षी उरलेली इतकी, जन्मलेली इतकी, विकत घेतलेली इतकी, एकूण इतकी. मग चर्चला दशमांश इतकी, विकलेली इतकी, धन्याच्या स्वयंपाकघरात गेलेली इतकी, रोगाने मेलेली इतकी, शिल्लक इतकी. वासरू वर्षाचे झाले की ते वासरांच्या यादीतून वजा होते आणि पाड्यांच्या यादीत जमा होते. पुढे ते बैलांत जाते. मेलेल्या जनावराचे कातडेसुद्धा हिशेबात दाखवावे लागे. १३१९ ते १३२१ मध्ये इंग्लंडवर गुरांची भयंकर साथ आली आणि अर्ध्याहून अधिक गुरे गेली. त्या वर्षांच्या गुंडाळ्यांत 'रोगाने मेली' या शब्दांपुढचे आकडे वाचताना रिकामे गोठे डोळ्यांपुढे येतात. लिहिणाऱ्या कारकुनाने मात्र एकही जास्तीचा शब्द लिहिलेला नाही.

या गुंडाळ्यांत जनावरांच्या साठ्याला 'इन्स्टॉरम' म्हटले आहे. इंग्रजीत त्याचेच 'स्टोअर' झाले. कवी चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक रीव्ह म्हणजे जहागिरीचा कारभारी रंगवला आहे. मेंढ्या, गुरे, दूधदुभते, डुकरे, घोडे, कोंबड्या सगळे त्याच्या ताब्यात, आणि कोणत्याही हिशेबतपासनिसाला त्याची चूक काढता येत नाही. त्याच्या यादीत 'स्टोअर' आहे, 'स्टॉक' अजून नाही.

फरक पडला तो महामारीनंतर. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडची निम्म्याच्या आसपास माणसे नेली. मजूर मिळेनासे झाले, जमीनदारांना स्वतः शेती परवडेना. त्यांनी जमीन खंडाने देऊन टाकली आणि पुष्कळदा जमिनीबरोबर बैल, गाई, मेंढ्या, बियाणे, नांगर हेही कुळाच्या स्वाधीन केले. अट अशी की मुदत संपल्यावर तितकीच आणि त्याच प्रतीची जनावरे परत करायची. वासरे कुळाची, मूळ कळप धन्याचा. इतिहासकार अशा कराराला 'स्टॉक अँड लँड लीज' म्हणतात. खोड आणि फळ यांची वाटणी इथे अक्षरशः गोठ्यात आली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला शेताच्या चल मालमत्तेला 'स्टॉक' म्हणण्याची रीत रूढ झालेली दिसते.

आता त्याला 'लाइव्ह' कसे जोडले गेले? जुन्या इंग्रजीत जिवंत या अर्थाचा शब्द 'क्विक' होता. आज त्याचा अर्थ चपळ असा झाला आहे, पण तेव्हा क्विक म्हणजे ज्याच्यात जीव आहे ते. १५२९च्या कायद्याने मेलेल्या माणसाच्या मालाची यादी करणे सक्तीचे केले. शेजारपाजारची चार जाणती माणसे घरात जात. प्रत्येक खोलीतला पलंग, कढई, पेटी यांची किंमत ठरवत. मग अंगणात येत, गोठ्यात जात, गाय, कालवड, मेंढ्या, डुकरीण यांची किंमत ठरवत. यादीच्या मथळ्यावर बहुधा 'क्विक' आणि 'डेड' असे दोन्ही प्रकारचे सामान असल्याचे लिहिलेले असे. हजारो घरांच्या अशा याद्या इंग्लंडच्या जिल्हा दप्तरखान्यांत आजही आहेत. एका विधवेच्या चुलीपुढच्या तिवईपासून तिच्या गाभण गाईपर्यंत सगळे त्यांत आहे. 'लाइव्ह' हे विशेषण 'अलाइव्ह'चे कापलेले रूप, तेही सोळाव्या शतकातलेच. ते आले, क्विकची जागा त्याने घेतली आणि 'लाइव्ह स्टॉक' ही जोडी तयार झाली. पुष्कळ काळ हे दोन वेगळे शब्द होते. मध्ये संयोगचिन्ह आले, आणि मग ते एकच झाले.

याच घराण्यातली दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लॅटिन 'कापूत' म्हणजे डोके. त्यावरून 'कॅपिटाले', मुख्य मालमत्ता. हा एकच शब्द इंग्रजीत तीन वेळा आला. उत्तर फ्रान्समधल्या उच्चाराने 'कॅटल', मध्य फ्रान्समधल्या उच्चाराने 'चॅटल' आणि थेट लॅटिनमधून 'कॅपिटल'. गुरे, चल मालमत्ता आणि भांडवल ही तीन सख्खी भावंडे. 'कॅटल' म्हणजे फक्त गाईबैल, हा अर्थ तर खूप उशिराचा. १६११च्या इंग्रजी बायबलात याकोबाच्या शेळ्या-मेंढ्यांनाही 'कॅटल' म्हटले आहे आणि १८०५ मध्ये जॉन लॉरेन्सने 'कॅटल'वर जो ग्रंथ लिहिला त्यात मेंढी आणि डुक्करही आहे. 'कॅटल' हळूहळू गाईबैलांपुरता आकसला, म्हणून सगळ्यांना मिळून म्हणायला 'लाइव्ह स्टॉक' लागला. आणि आपल्या मुलाच्या शाळेची 'फी'? ती ज्या शब्दकुळातली आहे त्यात जुन्या इंग्रजीतला 'फेओह' म्हणजे गुरे आणि धन, जर्मनमधला 'फी' म्हणजे गुरे, लॅटिनमधला 'पेकुस' म्हणजे कळप आणि त्याचा 'पेकुनिया' म्हणजे पैसा हे सगळे येतात. संस्कृतातला 'पशु' हाही त्याच कुळातला. पशुधन हा शब्द खात्याने भाषांतर म्हणून केला असेल, पण पशू आणि धन यांची सोयरीक त्याहून हजारो वर्षे जुनी आहे.

अठराव्या शतकात लेस्टरशायरमधल्या डिशली गावी रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होता. जमीन खंडाची, पण त्याने मेंढ्यांची पैदास निवडून निवडून केली आणि आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देऊ लागला. सुरुवातीला काही शिलिंगांत जाणारा मेंढा पुढे शेकडो गिनींना जाऊ लागला. त्याचा शिष्य जॉर्ज कली याने १७८६ मध्ये पैदाशीवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच 'लाइव्ह स्टॉक' हे दोन शब्द आहेत. इथे वहीतला शब्द अभिमानाने पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला.

याच काळात तो शब्द जिथे गेला ती जागा सांगितलीच पाहिजे. जमैकातल्या उसाच्या मळ्यांची वार्षिक यादी तिथल्या पंचांगवजा 'अल्मनॅक'मध्ये छापत. मालकाचे नाव, मळ्याचे नाव आणि पुढे दोन आकडे. एका रकान्यात गुलाम, शेजारच्या रकान्यात स्टॉक. आफ्रिकेतून पळवून आणलेली माणसे आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुले एका बाजूला, खेचरे आणि बैल दुसऱ्या बाजूला. कायद्याने ती माणसे 'चॅटल' होती, म्हणजे कॅटलच्या सख्ख्या शब्दाखाली मोडत होती. जहागिरीच्या गुंडाळीत वासराची जमा-वजा जशी होई, तशीच मळ्याच्या वहीत माणसाच्या बाळाची होई. वहीत जिवाचा आकडा करण्याची सवय एकदा लागली की पुढचा जीव कोणाचा आहे हे वही विचारत नाही. या शब्दाच्या इतिहासातले हे पान मला सर्वांत जड वाटते.

ब्रिटिश संसदेने १८३३च्या ऑगस्टमध्ये गुलामी रद्द करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. सहा वर्षांच्या आतली मुले लगेच सुटली, मोठ्यांना 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८ पर्यंत राबवले. भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर झाले, त्या वेळच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ती भरपाई गुलामांना मिळाली नाही, मालकांना मिळाली, आणि काही भाग रोख न देता सरकारी स्टॉकच्या रूपात दिला गेला. त्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटनने २०१५ मध्ये फेडून संपवले.

कायदा अमलात आल्यावर अडीच महिन्यांनी संसदेची ती इमारतच जळाली, आणि तीही टॅलींमुळे. टॅलीची पद्धत १८२६ मध्ये बंद झाली होती. जुन्या पट्ट्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरमध्ये पडून होते आणि ती जागा दिवाळखोरीच्या न्यायालयाला हवी होती. १६ ऑक्टोबर १८३४च्या सकाळी दोन मजुरांनी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत दोन गाड्या भरून टॅली जाळायला घेतल्या. लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले. दुपारी सभागृह पाहायला आलेल्या पाहुण्यांना धुरामुळे भिंतीवरचे पडदे नीट दिसेनात, जमीन बुटांतून पायाला चटके देऊ लागली. कोणी काही केले नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास ज्वाळा बाहेर पडल्या. रात्रीतून लॉर्ड्स आणि कॉमन्स दोन्ही सभागृहे गेली, वेस्टमिन्स्टर हॉल मोठ्या कष्टाने वाचवला. चित्रकार टर्नरने ती आग पाहिली आणि तिची दोन चित्रे काढली. पुढे १८५५च्या भाषणात कादंबरीकार डिकन्सने विचारले की ही लाकडे आसपासच्या गरिबांना सरपणाला का दिली नाहीत. त्या प्रश्नाला आजही उत्तर नाही.

पट्ट्या जळाल्या, जनावरांची मोजणी मात्र चालूच राहिली. भारतातली पहिली पशुगणना १९१९ मध्ये सुरू झाली, तीही इंग्रजांच्या 'लाइव्हस्टॉक सेन्सस'च्या नावाने. २०१९च्या विसाव्या गणनेत देशातले पशुधन ५३ कोटी ५७ लाखांहून अधिक भरले. हा आकडा लागतो, लसीसाठी, चाऱ्यासाठी, दुष्काळात छावण्या उघडण्यासाठी. मी त्याच्या विरोधात नाही.

पण आपल्याकडे वहीबाहेरचा एक शब्द आहे. पश्चिम महाराष्ट्रातला शेतकरी गोठ्यातल्या सगळ्यांना मिळून 'जित्राब' म्हणतो. "जित्राबांना पाणी दाखवून येतो," एवढे बोलून तो उठतो. त्यातला 'जित' म्हणजे जिवंत, लाइव्हस्टॉकमधल्या 'लाइव्ह'चाच अर्थ. 'जनावर' फारसीतून आला, त्याचाही अर्थ जान असलेला. फरक उरलेल्या अर्ध्या भागात आहे, आपल्या या दोन्ही शब्दांत साठा नाही. आणि त्या जित्राबांत गोऱ्हा, पाडी, कालवड, रेडकू, करडू, पाठ, कोकरू अशी किती नावे आहेत, ती गुंडाळीतल्या कारकुनाच्या रकान्यांहून कमी नेमकी नाहीत. ही नावे ज्यांना येतात ती माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. तुमच्या घरात, गावात असे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, नावे विचारा आणि लिहून ठेवा. शाळेत शिकवणाऱ्यांनी डेडस्टॉक रजिस्टरच्या शेजारी त्यासाठी एक वेगळी वही ठेवावी, आणि ती मुलांकडूनच भरून घ्यावी.